डाव्या खांद्याची शिवण

मी जेवणाच्या टेबलावर चार रेन जॅकेटं मांडली, त्यातलं एक उचललं आणि सासऱ्यांच्या देखत त्याच्या बाहीवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. बाही कोरडी राहिली, फरशी भिजली. माझ्या बायकोनं, वैजूनं, फडकं आणून माझ्या पायाशी टाकलं.

"बघा मामा," मी म्हणालो, "आत एक थेंब नाही. आता आभाळ फाटलं तरी मामींच्या अंगाला पाणी लागायचं नाही."

मामा, म्हणजे माझे सासरे हिंदुराव शेलार, चष्मा चढवून टेबलाशी आले. कापडाला त्यांनी हात लावला नाही. खांद्याला बाही जिथं जोडलेली असते तिथं अंगठा टेकवला आणि तो सावकाश काखेपर्यंत नेला.

"आतनं बगू का?"

"आत अस्तर आहे मामा. जाळीचं. हवा खेळती राहते."

त्यांनी अस्तरावरून बोटं फिरवली. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"झ्याक हाय," ते म्हणाले.

मी फुशारलो. का नाही फुशारणार? पावसाच्या बाबतीत हिंदुराव शेलारांचा शेरा म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. कोयनेच्या वरच्या अंगाला, जंगलात, पाटबंधारे खात्याच्या पर्जन्यमापकाशी या माणसानं एकतीस पावसाळे काढले होते. रोज सकाळी साडेआठला माप घ्यायचं, आणि धरण भरायला लागलं की दर तासाला घ्यायचं. एकही आकडा अंदाजानं लिहिला नाही, असं त्यांचे साहेब निरोप समारंभात म्हणाले होते. मी पडलो अकोल्याचा. आमच्याकडे पाऊस येतो तोसुद्धा घाम पुसत येतो. पण मी सव्वादोन महिने अभ्यास केला होता. चाळीसेक जॅकेटांचा तक्ता केला होता. वजन, टोपी, चेन, खिसे, लोकांचे अभिप्राय. वैजू म्हणायची, "मला पसंत करताना एवढे प्रश्न विचारले नव्हतेस."

हा सगळा खटाटोप मामींसाठी, माझ्या सासूबाईंसाठी, होता. दोन वर्षांपूर्वी मामींना न्यूमोनिया झाला आणि कराडच्या एका दवाखान्यात त्या अकरा दिवस होत्या. समोरच्या भिंतीवर टीव्ही होता, त्याचा आवाज बंद. त्यावर एकदा त्यांनी बर्फाचा डोंगर कोसळून समुद्रात पडताना पाहिला. बऱ्या होऊन घरी आल्यावर वैजूनं सहज विचारलं, "आई, तुला काय बघायचंय गं? काशी, रामेश्वर?" तर मामी म्हणाल्या, "त्यो बर्फ बघायचाय. पडताना आवाज कसा येतो त्ये ऐकायचंय."

आयुष्यात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट, असं वैजू म्हणाली. आम्ही अलास्काच्या क्रूझचं बुकिंग केलं.

मामी लगेच मागे सरल्या. जावयाच्या जिवावर परदेश फिरायचा म्हणजे गाव तोंडात शेण घालेल, हे एक. आणि दुसरे डॉक्टर. ते म्हणाले, "थंडी चालेल. पण भिजायचं नाही. छाती भिजली की पुन्हा तेच, आणि या खेपेला अकरा दिवसांत सुटका होईलच असं मी सांगणार नाही." आणि तो बर्फ तर जहाजावरून नीट दिसत नाही. छोट्या बोटीनं, पावसातून, आत खाडीत जावं लागतं. म्हणजे मामींनी बर्फ बघायचा की नाही, आणि बघून धड परत यायचं की नाही, हे एका जॅकेटावर आलं.

"ते माझ्यावर सोडा," मी छातीवर हात मारून म्हणालो होतो.

त्या दिवशी गावाला निघताना मामा म्हणाले, "निरंजनराव, हे कोट घेऊन जाऊ का संगं? हिच्या अंगाला सवय हुईल. वैजूचाबी न्हेतो, आणि तुमचाबी द्या की. म्हैन्यानं आणून देतो."

"माझा कशाला मामा? मी रोज ऑफिसला घालून जातो. वैजूचा न्या."

"द्या की. असू दे संगं."

"अहो, मला लागतो."

एप्रिल महिना होता. पुण्यात रस्त्यावरचं डांबर वितळत होतं. मला तो ऑफिसच्या एसीत मिरवायला लागत होता, हे खरं कारण. मामांनी दुसऱ्यांदा मागितला तेव्हाच कोणाही सुज्ञ माणसानं काय ते ओळखलं असतं. मी तिन्ही जॅकेटं पिशवीत भरून दिली आणि वर सूचना केली, "धुऊ नका हं मामा. आणि इस्त्री तर मुळीच नको."

"न्हाई न्हाई," मामा म्हणाले.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता. मामींच्या भाषेत धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला जेवू घालून वाण द्यायचं असतं. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची शांत करायलाच हवी. निघायच्या चार दिवस आधी दोघं पुण्यात आले ते पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारशांचा डबा घेऊन. मला पाटावर बसवून ओवाळलं. मामींनी डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही आम्हाला जग दावताय, आणि आम्ही तुमाला अनारसं."

"मामी, जगात असे अनारसे मिळत नाहीत," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

मग मामांनी पिशवीतून जॅकेटं काढली. नीट घड्या घातलेल्या. मी मामींचं जॅकेट उलगडलं तर वास आला. सायकलच्या दुकानात येतो तसला.

"कसला वास येतोय हा?"

"ट्रंकेत ठिवले हुते," मामा म्हणाले. "ट्रंकेला वास हाय."

"वाऱ्यावर टाकायला हवेत. आणि थोडे कडकसुद्धा झालेत. मामा, तुम्ही धुतले तर नाहीत?"

"न्हाई वो. पान्याचा थेंब लावला न्हाई."

मी नाराज झालो आणि तसं बोलूनही दाखवलं. महागाच्या वस्तूंची कशी निगा राखायची असते, यावर मी पाच मिनिटं बोललो. मामा मान हलवत ऐकत होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं आणि तर्जनीचं कातडं सोललेलं होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार असतो, आणि माझा तर त्या काळात धबधबा होता.

जहाज सिअॅटलहून सुटलं. दहा मजली. मामी पहिले दोन दिवस भिंत धरून चालल्या, तिसऱ्या दिवशी आइस्क्रीमचं मशीन कुठं आहे ते त्यांनी मला दाखवलं. मामा मात्र सकाळी साडेआठला न चुकता डेकवर जायचे. उघडा तळहात पुढं करून उभे राहायचे. परत येऊन म्हणायचे, "रातीपास्नं चार मिलिमीटर झाला आसंल."

"अंदाज मामा?" मी चिडवायचो.

"आता रिटायर झालोय," ते म्हणायचे. "आता चालतंय."

केचिकन नावाच्या गावात जहाज लागलं. तिथं बारमाही पाऊस. धक्क्याजवळच माणसाहून कितीतरी उंच पर्जन्यमापकाचा फलक उभा केलेला आहे, वर्षाला किती पडतो ते दाखवणारा. लोक त्याच्यापुढं दात काढून फोटो काढत होते. मामांनी त्याच्यासमोर टोपी काढली. बराच वेळ बघत राहिले.

"वर्षाला दीडशे इंच म्हणतात," मी वाचून सांगितलं.

"चांगला पडतो," मामा म्हणाले. मग हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं, "आमच्याकडं एवडा दोन म्हैन्यात हुतो. पन पावन्याच्या गावात येऊन कशाला सांगायचं."

भुरभुर चालू होती. धारा नाहीत, आवाज नाही, नुसती हवाच ओली. आम्ही तासभर हिंडलो. परत येताना मामा म्हणाले, "ह्यो पाऊस मापात कमी भरतो. पन लबाड. आपला पाऊस समोरनं येतो, कळतं तरी आलाय. ह्यो फट हुडकत बसतो." आणि बोलता बोलता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. शिवणीवर.

"आत ओल आलीया का वो?"

"घाम आहे मामा. भरभर चाललो ना."

"रातच्याला जरा तुमचा कोट बगायला देता?"

"अहो, नवाकोरा आहे. काय बघायचंय त्यात?"

त्यांनी विषय सोडला. जावयाकडे एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा मागायची नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी जुनो नावाच्या बंदरातून बर्फाची बोट होती. सकाळपासून पाऊस लागलेला, आणि वारा असा की नाकाचा शेंडा आपला आहे की नाही ते चाचपून बघावं. बोट म्हणजे वर छप्पर, दोन्ही बाजू उघड्या, पुढं उभं राहायला जागा. पाच तासांची फेरी. बोटीत चढायच्या फळीवर एक दणकट बाई उभी होती, ती एकेकाचे कपडे तपासून आत सोडत होती. सुती जॅकेटवाल्या दोघांना तिनं आमच्यासमोर परत पाठवलं. मामींची वेळ आली. बाईनं त्यांच्या नऊवारीवर चढवलेली विजार पाहिली, जॅकेटाच्या खांद्यावर अंगठा दाबला, आणि मला म्हणाली की हे बरं आहे, आजीबाई जाऊ शकतील. मला आभाळ ठेंगणं झालं.

माझी पाळी यायच्या आत मामांनी मला बाजूला घेतलं.

"निरंजनराव, माझा ह्यो कोट मला खांद्यात दाटतोय. तुमचा द्या, माझा घाला."

"मामा, दोन्ही एकाच मापाचे आहेत. मीच घेतलेत."

"आसंल. पन मला दाटतोय."

"अरे दे ना आबांना," वैजू वैतागली. "रंग एक, माप एक. काय फरक पडतो? लोक थांबलेत मागं."

अदलाबदल झाली. मागं रांग वाढली होती, बाईनं आम्हाला नुसतं वरवर बघून आत सोडलं. मामांचं जॅकेट मला थोडं कडक लागलं, त्या वासासकट. मामांनी माझं घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मामींच्या ज्या अंगाला वारा होता त्या अंगाला जाऊन उभे राहिले.

दोन तास आम्ही काळ्या पाण्यातून गेलो. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यावरून पडणारे पांढरे झरे. मामा म्हणाले, "जून सरता सरता आपल्या घाटात असंच दिसतं." मग पाण्यात बर्फाचे तुकडे दिसू लागले, घरांएवढे, निळे. आणि एका वळणावर ती समोर आली. भिंत. डोंगरातून उतरून समुद्राच्या कडेला थांबलेली. इंजिन बंद केलं. पाऊस तिरपा येत होता.

अर्धा तास काहीच झालं नाही. आमच्या शेजारी न्यू जर्सीहून आलेलं एक गुजराती जोडपं होतं, ते कुडकुडत आत जाऊन बसलं. मला त्यांची कीव आली. मी माझी बाही आत हात घालून चाचपली. खडखडीत कोरडी. वैजूची बघितली. कोरडी. मामींच्या गळ्यापाशी तळवा लावून वैजूनं मान हलवली. कोरड्या. मी त्या गुजराती गृहस्थांना माझ्या तक्त्याबद्दल सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात भिंतीचा एक कोपरा हलला.

आधी तो नुसता निसटला, आवाजाशिवाय, त्या दवाखान्यातल्या टीव्हीसारखा. पाणी उसळलं. मग आवाज आला. तो छातीत ऐकू आला. बोट डोलली. मामींनी मामांचा दंड घट्ट पकडला होता.

"अवो," त्या म्हणाल्या, "धरणाचं दरवाजं उघडत्यात, तस्सा."

"तस्साच," मामा म्हणाले. "बघितलंस का?"

"बघितला. ऐकला."

आणि मामी रडल्या. मी त्यांच्याकडं बघत होतो म्हणून मामांकडं उशिरा बघितलं. मामांच्या दोन्ही मनगटांतून पाणी ठिबकत होतं. बाहेरच्या बाजूनं नाही, बाहीच्या आतून. ओठ निळे पडले होते. तोंडावर मात्र असा आनंद होता, जणू धरण काठोकाठ भरलंय आणि आकडा यांनी लिहिलाय.

"मामा, तुम्ही भिजलात!"

"चेन नीट लावली न्हवती मी," मामा म्हणाले. "माझीच चूक."

चेन गळ्यापर्यंत होती. मी ती बघितली होती.

मामांना दोन दिवस ताप आला. जहाजाच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मामींनी उशाशी बसून गरम पाणी पाजलं. मामींना साधी शिंकसुद्धा आली नाही. मी मामांच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतो. "डिफेक्टिव्ह पीस निघाला मामा. चारांतला नेमका तो तुमच्या वाट्याला आला. मी सोडणार नाही. बदलून घेतो."

"नका बदलू," मामा पांघरुणातून म्हणाले. "हितंच टाकून द्या."

"टाकून? अहो, पावती आहे माझ्याकडं."

"ऱ्हाऊ द्या वो. उगं दुकानदाराशी भांडण."

त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला त्यांच्या भिडस्तपणाचा राग आला.

पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी मी ते जॅकेट घेऊन दुकानात गेलो. दुकानातला माणूस वयस्कर होता. त्यानं माझं सगळं शांतपणे ऐकलं, जॅकेटाचं अस्तर खालून जरा वर केलं आणि नखानं खांद्याची शिवण दाखवली.

"साहेब, कापड उत्तम आहे. पण शिवणीवर आतून टेप नाही. सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येणार. हा माल अर्ध्या तासाच्या पावसाचा आहे. दुचाकीवर ऑफिसला जा, ठीक आहे. पाच तास उभे राहिलात तर भिजणारच."

"पण असेच आणखी तीन होते. ते कोरडे राहिले."

"याच मॉडेलचे?"

"याच दुकानातले. एकाच दिवशी घेतलेले."

त्यानं माझ्याकडं समजुतीनं बघितलं. "शक्य नाही, साहेब."

"मी घालून उभा होतो!"

"मग त्याला कोणीतरी काहीतरी केलं असेल."

चाळीस जॅकेटांच्या माझ्या तक्त्यात शिवण नावाचा रकानाच नव्हता. मी घरी आलो. वैजूचं जॅकेट आणि मी बोटीवर घातलेलं मामांचं जॅकेट, दोन्ही कपाटातून काढून टेबलावर उलटी केली. अस्तर जिथं खाली कापडाला जोडलेलं असतं तिथं टाके होते. कंपनीचे टाके यंत्राचे असतात, सारखे. हेसुद्धा सारखे होते, पण दोरा किंचित गडद निळा होता. वैजू येऊन शेजारी उभी राहिली. तिनं एका टाक्यावर बोट ठेवलं.

"ही आबांची शिवण आहे."

"आबा शिवतात?"

"जंगलात शिंपी कुठला? शाळेचा युनिफॉर्म आबाच उसवून मोठा करायचे माझा."

मी कात्री आणली. वीतभर उसवून अस्तर बाजूला केलं. आत खांद्याची शिवण दिसत नव्हती. तिच्यावरून बोटभर रुंदीची काळी रबरी पट्टी गेली होती, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेली, एकही सुरकुती नाही. काखेत पट्टी वळवली होती तिथं बारीक बारीक काप देऊन बसवली होती. टोपीच्या शिवणीवर पट्टी. चेनेच्या मागं पट्टी. जिथून म्हणून थेंब शिरेल असं जगात कोणाला सुचलं असतं, तिथं तिथं पट्टी.

पाठीकडच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात अर्धी अक्षरं होती. वैजूनं ती वाचली आणि खुर्चीत बसली.

"पाटबंधारे," ती म्हणाली. "हा आबांचा रेनकोट आहे. सरकारी. रिटायर झाले तेव्हा खात्यानं परत मागितला नाही, म्हणून केवढे खूश झाले होते. दारामागं खुंटीला असतो. कोणाला हात लावू देत नाहीत."

मी त्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, खांद्यापासून काखेपर्यंत, सावकाश. महागाच्या वस्तूंची निगा कशी राखायची यावर मी त्यांना दिलेलं पाच मिनिटांचं व्याख्यान मला शब्दन् शब्द आठवलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि एखाद्या माणसाचा इतका अभिमानही.

पुढच्या शनिवारी मी एकटाच गावाला गेलो. मामा सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, बसून सुपारी कातरत होते. दारामागची खुंटी रिकामी होती.

"दिला का बदलून दुकानदारानं?" त्यांनी विचारलं.

"मी मागितलाच नाही."

"बरं केलं."

"मामा, पहिल्या दिवशी टेबलाशी आलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

मामांनी अडकित्त्यात नवी सुपारी धरली. "कापड चांगलं हुतं," ते म्हणाले.

"मला सांगायचं होतंत. मी दुसरे आणले असते."

त्यांनी आत स्वयंपाकघराकडं बघितलं. मामी चहा टाकत होत्या. मामांनी आवाज खाली आणला. "तुम्ही आणले असते वो. पन ही आली नसती. जावयाला एकदा खर्चात पाडलं त्येच लई झालं, आता पुन्हा कोट आणायला लावायचं, त्यापेक्षा ऱ्हाऊ दे म्हणाली असती. निमित्तच हुडकत हुती ती. आन् तिला तर बर्फ बगायचा हुता."

"आणि माझा कोट का घातलात? तुमचं वय काय, थंडी काय!"

"तुम्ही तर म्हैनाभर द्यायलाच तयार न्हवता," मामा हसले. मग गंभीर झाले. "धोंड्याचा महिना हुता, निरंजनराव. धोंड्याच्या महिन्यात जावई भिजवून आणायचा असतो व्हय?"

मी पिशवी उघडली. माझं जॅकेट काढून त्यांच्यासमोर उलटं पसरलं. अस्तर मी घरूनच उसवून आणलं होतं. शेजारी सोल्युशनची नळी ठेवली.

"मला शिकवा," मी म्हणालो.

"पट्टी कशाची लावायची? कोट तर सपला. तिनातच सपला."

पुण्याच्या जुन्या बाजारात मी तीन तास घालवले होते, तक्ता न करता. पिशवीतून मी एक जुना रबरी रेनकोट काढला, कोणा हमालाचा नाहीतर पोलिसाचा असेल, कोपरांवर झिजलेला. मामांनी चष्मा चढवला. रबर अंगठ्यानं ताणून बघितलं, वास घेतला, दुमडून कानाशी नेऊन सोडलं.

"चालंल ह्यो," ते म्हणाले. "कात्री आणा."

दुपारभर आम्ही सोप्यात बसलो. उजवा खांदा मामांनी भरला. डावा मी. माझी पट्टी दोन वेळा वाकडी गेली, एकदा बोटालाच चिकटली. मामींनी चहा आणून ठेवला आणि आमच्याकडं बघून पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. मामांनी माझी पट्टी काढून पुन्हा लावली नाही. नुसता तिच्यावरून अंगठा फिरवला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मामी ठणठणीत आहेत. ते जॅकेट मी अजून वापरतो, दुसरं घेतलेलं नाही. दर पावसाळ्यात मी ते घालून गावाला जातो, आणि सोप्यात शिरलो की मामा पहिला प्रश्न विचारतात, "डाव्या खांद्यात ओल येती का वो?"

येते. पहिल्या दिवसापासून येते.

"अजिबात नाही मामा," मी म्हणतो.

मामा उठून जवळ येतात. आता त्यांच्या बोटांना नीट कळत नाही, तरी माझ्या डाव्या शिवणीवर आतून अंगठा टेकवतात आणि ओला झालेला अंगठा धोतराला पुसतात.

"झ्याक हाय," ते म्हणतात.